युरोपियन व्यक्तिचित्रांतल्या टोप्या कशा वाचायच्या?

ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये रेम्ब्रांटचं १६६२ सालचं एक मोठं चित्र आहे. काळ्या कपड्यांतले सहा पुरुष, समोर लाल गालिचा अंथरलेलं टेबल, त्यावर उघडी वही. पाच जणांच्या डोक्यावर रुंद काठाची काळी हॅट आहे. मागे मधोमध उभ्या असलेल्या सहाव्याच्या डोक्यावर नाही. खोली बंद आहे, ऊन नाही, पाऊस नाही. मग पाच जण घरात हॅट घालून का बसलेत, आणि सहाव्यानं का घातली नाही?

हे पाच जण कापड तपासनीस होते. शहरात रंगवलेल्या लोकरी कापडाचा दर्जा ठरवणं हे त्यांचं काम. त्यांतले दोघे कॅथलिक, एक मेनोनाइट आणि बाकीचे दोघे निरनिराळ्या प्रोटेस्टंट पंथांचे. प्रार्थनेला ते एका छपराखाली बसले नसते. या टेबलाशी मात्र ते बरोबरीचे आहेत, म्हणून पाचही डोकी झाकलेली. सहावा फ्रान्स हेंड्रिक्स बेल हा त्या इमारतीची व्यवस्था पाहणारा नोकर. मालकांसमोर तो हॅटशिवाय उभा आहे. चित्राखाली एकही अक्षर लिहिलेलं नसतं, तरी त्या काळच्या माणसानं हे दारातूनच ओळखलं असतं.

लग्नाच्या मांडवात शिरल्यावर कुणी न सांगता आपल्याला कळतं, की फेटे बांधलेले लोक घरचे आहेत आणि त्यातही तुरा लावलेला तो नवरदेव. युरोपातली जुनी व्यक्तिचित्रं त्यांच्या काळात अशीच वाचली जायची. आपल्याला ती भाषा येत नाही, म्हणून आपण चेहरा बघतो आणि पुढे जातो. माझा आग्रह आहे की आधी डोकं बघा. चेहरा कसा रंगवायचा हे चित्रकाराच्या हातात होतं. डोक्यावर काय असणार हे बऱ्याचदा पद, कायदा आणि समोरचा माणूस ठरवत असे.

मूळ नियम: टोपी कुणासमोर काढायची?

पंधराव्या ते सतराव्या शतकात युरोपातला प्रौढ पुरुष दिवसाचा बराच वेळ डोकं झाकून असे, घरातसुद्धा. घरं थंड असत हे एक कारण. दुसरं आणि मोठं कारण रिवाजाचं. टोपी काढली जायची ती कुणासाठी तरी: राजासाठी, मालकासाठी, चर्चमध्ये देवासाठी. त्यामुळे डोक्यावरची टोपी दोन माणसांमधलं नातं उघड करायची. स्पेनमध्ये सर्वांत वरच्या थरातल्या सरदारांचा मोठा मान कोणता होता? राजासमोर टोपी न काढण्याचा.

हा रिवाज किती गंभीर होता ते इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाच्या लोकांकडून कळतं. देवापुढे सगळे सारखे, म्हणून माणसापुढे टोपी काढायची नाही, असं ते मानत. १६७० मध्ये विल्यम पेन आणि विल्यम मीड यांच्यावर लंडनमध्ये खटला चालला, तेव्हा ते न्यायालयात उघड्या डोक्यानं आले होते. न्यायालयानं त्यांच्या डोक्यावर टोप्या ठेवायला लावल्या आणि मग त्या काढल्या नाहीत म्हणून दोघांना प्रत्येकी चाळीस मार्कांचा दंड केला.

मराठी वाचकाला हे उलटं वाटणारच, कारण आपल्याकडे नियम खरोखरच उलटा होता. दरबारात पगडी डोक्यावर हवी आणि जोडे बाहेर. उघडं डोकं म्हणजे सुतक किंवा अपमान. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईत आला आणि पुढच्या वर्षी त्यानं पुण्यात सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणवीस यांचं तैलचित्र रंगवलं. ते आज लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. तंत्र युरोपचं आहे आणि रिवाज पुण्याचा. दरबारात पगडी सगळ्यांच्याच डोक्यावर असल्यामुळे इथे मोठं कोण हे पगडी आहे की नाही यावरून कळत नाही. शिरपेच, मोती आणि बसण्याची जागा यांवरून ते कळतं. ही सवय घेऊन आपण युरोपियन चित्राकडे गेलो, तर उघड्या डोक्याचा माणूस नेमका चुकीचा वाचतो.

आता पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं, अँथनी व्हॅन डाइकनं रंगवलेलं इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाचं चित्र पाहा, साधारण १६३५ सालचं. राजा शिकारीला निघालाय, घोड्यावरून उतरून उभा आहे. मुकुट नाही, राजदंड नाही. तरी राजा कोण याबद्दल शंका राहत नाही, कारण मोठी रुंद हॅट फक्त त्याच्या डोक्यावर आहे. बरोबरची माणसं उघड्या डोक्याची आहेत आणि घोड्यानंही मान खाली घातली आहे. चार्ल्स उंचीनं लहान होता. व्हॅन डाइकनं त्याचं डोकं मोकळ्या आकाशावर ठेवलं आणि हॅटच्या काळ्या कडेनं त्याला चौकट दिली. मुकुटाशिवाय राजेपण दाखवणारं याहून चांगलं चित्र मला माहीत नाही.

“पण ही फक्त त्या काळची फॅशन नव्हती का?”

फॅशन होतीच. पण आपल्या मनात फॅशन म्हणजे स्वतःची आवड, आणि तेव्हा आवडीला फारच कमी वाव होता. इंग्लंडमध्ये १५७१ साली कायदाच झाला, की सहा वर्षांवरच्या सामान्य माणसानं रविवारी आणि सणावारी इंग्लंडमध्ये बनलेली लोकरी टोपी घालायची, नाहीतर दंड. सरदार, जमीनदार आणि खानदानी स्त्रिया यांना सूट होती. उद्देश लोकर-कामगारांना काम मिळावं हा होता, पण परिणाम असा झाला की डोक्यावरून वर्ग दिसू लागला. कायदा १५९७ पर्यंत टिकला.

याची एक क्रूर बाजूही आहे. ज्यूंनी वेशानं वेगळं ओळखू यावं असा आदेश चर्चच्या परिषदेनं १२१५ मध्ये दिला होता. पुढे व्हेनिसमध्ये त्यांना पिवळी टोपी सक्तीची झाली. मध्ययुगीन जर्मन चित्रांतली टोकदार टोपी पाहताना हे विसरता येत नाही. तिथे टोपी म्हणजे माणसाला वेगळं पाडणारी खूण.

स्त्रियांच्या बाबतीत पहिला प्रश्न केसांचा असे. विवाहित स्त्रीनं केस झाकायचे हा सर्वसाधारण रिवाज. यान व्हॅन आइकच्या १४३४ सालच्या अर्नोल्फिनी जोडप्याच्या चित्रात बाईच्या डोक्यावर झालरीच्या काठाचं पांढरं वस्त्र आहे. ते ती पत्नी असल्याचं सांगतं. शेजारच्या पुरुषाची भलीमोठी काळी हॅट विणलेल्या गवताची आहे.

आणि कधी कधी टोपीतून राजकारण चालायचं. इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीची दुसरी राणी ॲन बोलिन फ्रान्समध्ये वाढली होती. तिच्या चित्रांत गोलाकार, मागे सरकवलेलं फ्रेंच शिरोवस्त्र दिसतं, पुढचे केस थोडे दिसतात. १५३६ मध्ये तिचा शिरच्छेद झाला आणि जेन सीमोर राणी झाली. हान्स होल्बाइननं रंगवलेली जेन व्हिएन्नात आहे. तिच्या डोक्यावर घराच्या छपरासारखं कोन असलेलं जुनं इंग्लिश शिरोवस्त्र आहे आणि केस पूर्ण झाकलेले. तिच्या सेवेत आलेल्या तरुण मुलीलाही फ्रेंच पेहराव सोडून इंग्लिश पद्धतीची टोपी घालायला लागली, हे त्या काळच्या पत्रव्यवहारात आहे. दोन चित्रं शेजारी ठेवली की “मी आधीच्या राणीसारखी नाही” हे वाक्य स्पष्ट ऐकू येतं.

पदाची टोपी

काही टोप्या माणसाच्या नसतातच, पदाच्या असतात. लंडनच्या नॅशनल गॅलरीत जोव्हानी बेलिनीनं १५०१ च्या सुमारास रंगवलेला लिओनार्दो लोरेदान आहे. व्हेनिसचा निवडून आलेला प्रमुख, म्हणजे ‘डोज’. त्याच्या डोक्यावर मागे शिंगासारखी उंच होत गेलेली ताठ, जरीची टोपी आहे. जवळ जाऊन पाहिलं तर तिच्याखाली साधी पातळ पांढरी कानटोपी आहे आणि तिचे बंद मोकळे लोंबताहेत. माणूस मेला की जरीची टोपी पुढच्या डोजकडे जाणार. कानटोपीला असा काही वारसा नाही. बेलिनीनं दोन्ही तितक्याच काळजीनं रंगवल्या आहेत आणि त्यामुळेच हे चित्र इतकं जिवंत वाटतं.

राफाएलनं १५११ च्या सुमारास पोप दुसऱ्या ज्युलियसला रंगवताना तिहेरी मुकुट बाजूला ठेवला आणि त्याच्या डोक्यावर लाल मखमलीची, फरच्या काठाची रोजची टोपी दिली. खुर्चीत बसून खाली पाहणारा थकलेला म्हातारा दिसतो, पण लाल टोपीमुळे तो पोप आहे हे सुटत नाही. पुढे शंभर-दीडशे वर्षं पोपची व्यक्तिचित्रं याच चित्राच्या वळणावर गेली. राजांचे मुकुटही चित्रात बऱ्याचदा डोक्यावर नसतात. रिगो या चित्रकारानं १७०१ मध्ये रंगवलेल्या फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या चित्रात मुकुट शेजारी उशीवर ठेवलेला आहे आणि राजाच्या डोक्यावर आहे तो प्रचंड केसांचा टोप.

ती पगडी नाहीच

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत. व्हॅन आइकचं १४३३ सालचं लाल शिरोवस्त्रातल्या पुरुषाचं चित्र, जे बहुधा आत्मचित्र आहे, अनेकदा ‘लाल पगडीवाला’ म्हणून ओळखलं जातं. ती पगडी नाही. ते युरोपातलंच ‘शॅपरॉन’ आहे. मुळात ती लांब शेपटीची कुंची. पुढे लोकांनी चेहऱ्यासाठी असलेलं भोक डोक्यावर चढवलं आणि उरलेलं कापड गुंडाळायला सुरुवात केली. एरवी त्याची टोकं खाली लोंबत. या चित्रात ती वर बांधून टाकली आहेत. काम करणाऱ्या चित्रकाराच्या रंगात ती बुडू नयेत म्हणून तसं केलं असावं, असं मानायला जागा आहे. तसं असेल तर युरोपातल्या अगदी सुरुवातीच्या आत्मचित्रांपैकी एकात टोपी कामाला लागलेली दिसते.

खरी पगडी बघायची असेल तर जेंटिले बेलिनीनं १४८० मध्ये रंगवलेला ऑटोमन सुलतान दुसरा मेहमेत पाहा. जेंटिले स्वतः कॉन्स्टँटिनोपलला जाऊन आला होता. तिथली पगडी सत्तेची आहे आणि घालणारा तिचा मालक आहे.

व्हेरमेरची ‘मोत्याचं कानातलं घातलेली मुलगी’ या दोन्हींत बसत नाही. साधारण १६६५ सालचं हे चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं, पण ते कुणा विशिष्ट मुलीचं व्यक्तिचित्र म्हणून रंगवलेलं नाही. डच लोक अशा चित्राला ‘ट्रोनी’ म्हणत: वेश, भाव किंवा प्रकाश यांच्या अभ्यासासाठी रंगवलेलं डोकं, ज्याला नाव नसतं. डच मुली असं निळं-पिवळं वस्त्र गुंडाळून बाजारात जात नव्हत्या. हे स्टुडिओत तयार केलेलं ‘पूर्वेकडचं’ रूप आहे. गंमत म्हणजे त्यातली पूर्व खरी आहे ती रंगात: ती निळाई लापिस लाझुली या दगडाची आणि तो दगड अफगाणिस्तानच्या खाणींतून येत असे. १८८१ मध्ये हे चित्र लिलावात दोन गिल्डरला गेलं.

उसनी टोपी

चित्रकार बेरे, म्हणजे काठ नसलेली मऊ पसरट टोपी, घालतो ही प्रतिमा आपल्या व्यंगचित्रांतही आहे. तिच्या मागे मुख्यतः रेम्ब्रांट आहे, आणि त्याच्या बाबतीत ती टोपी जाणूनबुजून निवडलेली होती.

१६३९ च्या वसंतात ॲमस्टरडॅमला एक लिलाव झाला. त्यात राफाएलनं सव्वाशे वर्षांपूर्वी रंगवलेलं बाल्दासारे कास्तिलिओने या दरबाऱ्याचं व्यक्तिचित्र होतं, डोक्यावर काळी पसरट टोपी असलेलं. रेम्ब्रांट तिथे होता. त्यानं चित्राचं झटपट रेखाटन केलं आणि बाजूला ते साडेतीन हजार गिल्डरला गेल्याची नोंद केली. ते रेखाटन आजही व्हिएन्नात आहे. त्यात त्यानं कास्तिलिओनेची टोपी मूळ चित्रातल्यापेक्षा तिरकी केली आहे. पुढच्या वर्षी, चौतिसाव्या वर्षी, त्यानं जे आत्मचित्र केलं ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे: कठड्यावर टेकलेला हात, श्रीमंत बाही आणि डोक्यावर बेरे.

तेव्हाच्या ॲमस्टरडॅममध्ये प्रतिष्ठित पुरुष उंच, कडक फेल्टची, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लवीची, हॅट घालत. चांगल्यातली चांगली फेल्ट बीव्हर या प्राण्याच्या लवीची. युरोपातले बीव्हर मारून जवळजवळ संपवल्यावर ती उत्तर अमेरिकेतून येऊ लागली होती. बेरे शंभर वर्षं जुनी झाली होती. म्हणजे गिरणीमालकाचा मुलगा असलेल्या रेम्ब्रांटनं आपल्या काळातल्या व्यापाऱ्यांची टोपी नाकारली आणि राफाएल-टिशियनच्या काळातली उचलली. “मी यांच्या पंगतीतला” हे म्हणायला त्याला शब्द लागले नाहीत. पुढच्या पिढ्यांनी ही जुनाट टोपी चित्रकाराची खूण म्हणून स्वीकारली.

आणि मग लूव्रमधलं १६६० चं आत्मचित्र. मधल्या काळात त्याचं दिवाळं निघालं होतं, घर आणि संग्रह विकला गेला होता. इथे डोक्यावर साधी पांढरी कापडी टोपी आहे, कामाच्या वेळी घालायची. सगळ्यात जास्त उजेड तिच्यावर पडला आहे. त्याखालचा चेहरा सुजलेला, वयस्क. हातात रंगपाटी. मला १६४० च्या बेरेपेक्षा ही टोपी जास्त अभिमानी वाटते, कारण तिला राफाएलचा आधार लागत नाही.

लंडनमध्ये विल्यम होगार्थनं १७४५ मध्ये पूर्ण केलेल्या आत्मचित्राची गोष्टही अशीच आहे. क्ष-किरण तपासणीत दिसलं, की आधी त्यानं स्वतःला केसांचा टोप आणि औपचारिक कोट घातलेला रंगवलं होतं. नंतर ते पुसून साधी टोपी आणि घरचे कपडे आणले. अठराव्या शतकात सभ्य पुरुष बाहेर केसांचा टोप घाले, त्यासाठी डोकं भादरलेलं असे आणि घरी ते थंडीनं गारठू नये म्हणून मऊ टोपी. चित्रात ही टोपी म्हणजे “मी आत्ता कुणाच्या दरबारात नाही” असं जाहीर सांगणं होतं. शेजारी त्यानं आपला कुत्रा बसवला.

टोपीवरून गदारोळ

बेंजामिन फ्रँकलिन १७७६ च्या अखेरीस अमेरिकन स्वातंत्र्यासाठी मदत मागायला फ्रान्समध्ये पोचला, तेव्हा डोक्यावर फरची टोपी होती. पावडर लावलेल्या टोपांच्या पॅरिसला तो साक्षात रानातला तत्त्वज्ञ वाटला. १७७७ च्या छापील चित्रातून ती टोपी घरोघर गेली. मदत मिळण्यात तिचा काही वाटा होता असं मी तरी म्हणेन.

फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिला मात्र साधेपणा मानवला नाही. १७८३ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात एलिझाबेथ व्हिजे ल ब्रुननं तिचं गवती हॅट आणि मलमलच्या सैल झग्यातलं चित्र मांडलं. राणी आतल्या कपड्यांत बसली आहे असा ओरडा झाला आणि ते काढून रेशमी पोशाखातलं दुसरं लावावं लागलं. फ्रँकलिनची टोपी त्याला मोठं करते आणि राणीची हॅट तिला लहान करते, कारण वरून खाली उतरण्याची परवानगी सगळ्यांना नसते.

नऊ वर्षांनी, २० जून १७९२ रोजी, जमाव राजवाड्यात घुसला आणि सोळाव्या लुईनं क्रांतिकारकांची लाल टोपी डोक्यावर चढवली. रोममध्ये गुलामगिरीतून मुक्त झालेला माणूस टोपी घाले, त्या आठवणीतून ही स्वातंत्र्याची टोपी आली होती. राजाचं जुनं छापील व्यक्तिचित्र होतं, त्याच्याच ठशावर लाल टोपी कोरून ते नव्यानं विकलं गेलं. चेहरा तोच, डोक्यावरची एक वस्तू बदलली आणि राजा नागरिक झाला. सात महिन्यांनी त्याचा शिरच्छेद झाला.

“आपण जास्तच अर्थ काढत नाही ना?”

हा आक्षेप योग्य आहे आणि तो मनात असायलाच हवा. टोप्यांचा शब्दकोश नसतो. तीच रुंद काळी हॅट चार्ल्सच्या डोक्यावर राजेपण दाखवते आणि क्वेकरच्या डोक्यावर राजेपण नाकारते. साल, गाव आणि आजूबाजूची माणसं पाहिल्याशिवाय अर्थ लावू नये.

शिवाय कधी चित्रकाराला हॅट हवी असते ती उजेडासाठी. रुबेन्सचं बहुधा सुझाना लुंडेनचं असलेलं चित्र ‘गवती हॅट’ या नावानं प्रसिद्ध आहे, पण हॅट फेल्टची आहे. तिच्या काठाची सावली कपाळावर आणि डोळ्यांवर पडते आणि गळा उजेडात राहतो. व्हिजे ल ब्रुन ते चित्र पाहून इतकी भारावली, की तिनं खऱ्या गवती हॅटमध्ये तसंच आत्मचित्र केलं. व्हॅन गॉखच्या जानेवारी १८८९ च्या आत्मचित्रात कानावर पट्टी आणि डोक्यावर फरची टोपी आहे. तिच्यात गूढ शोधण्याआधी कडाक्याची थंडी आणि जखमेवरची पट्टी आठवावी.

आणि कधी अर्थ इतका लहान असतो की निसटतो. होल्बाइनच्या १५३३ च्या ‘राजदूत’ या चित्रात पायाशी पसरलेली वाकडी कवटी सगळे दाखवतात. डावीकडच्या झां द दँतव्हीलच्या टोपीवरचा बिल्ला मात्र फार थोडे पाहतात. त्यावरही कवटीच आहे.

मग पुढे काय झालं?

एकोणिसाव्या शतकात मालक आणि कारकून दोघंही काळी हॅट घालू लागले आणि टोपीवरून माणूस ओळखणं अवघड झालं. १९०५ मध्ये मातिसनं पॅरिसच्या प्रदर्शनात ‘हॅट घातलेली स्त्री’ मांडली. हिरव्या-जांभळ्या फटकाऱ्यांची, फळांच्या ढिगासारखी हॅट. लोक हसले, चिडले. त्या हॅटवरून बाईचा दर्जा, धर्म, काहीच कळत नव्हतं. कळत होता तो रंग. बसलेली बाई होती अमेली, चित्रकाराची बायको. १८९९ मध्ये तिनं पॅरिसमध्ये टोप्यांचं दुकान काढलं होतं आणि मातिसची चित्रं विकली जात नव्हती तेव्हा त्या दुकानाचा घराला मोठा आधार होता. चित्र स्टाइन कुटुंबानं विकत घेतलं. सध्या ते सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे.